ठाणे चालतं, ऐरोली अडतं: मराठी मजकुराचं एन्कोडिंग कोडमध्ये नीट सांभाळायचं तर

'ठाणे' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक, म्हणजे कोडपॉइंट, देणारं मानक; त्याच्या हिशेबात या शब्दात चार कोडपॉइंट आहेत: ठ, काना, ण आणि मात्रा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे क्रमांक बाइटमध्ये लिहायच्या एका पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये), साठवला की त्याचे बारा बाइट होतात: २२४ १६४ १६०, २२४ १६४ १९०, २२४ १६४ १६३, २२४ १६५ १३५. (या लेखात सगळे बाइट आणि कोडपॉइंट दशमान आकड्यांतच दिले आहेत.) दोन, चार आणि बारा ही तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. कोडमध्ये 'लांबी' मागताना यातलं कोणतं उत्तर हवंय हे ठरलेलं नसेल, तर पुढची गडबड तिथेच सुरू होते.

महापे, रबाळे, वागळे इस्टेट या पट्ट्यात सोसायट्यांची बिलं, शाळांचे दाखले, दवाखान्यांच्या नोंदी असं मराठी मजकुराचं सॉफ्टवेअर भरपूर लिहिलं जातं. 'मराठी फुटलं', 'फॉन्ट तुटला', 'चौकोन येतायत' या तक्रारी तिथे रोजच्याच. बहुतेक वेळा फॉन्टचा काही दोष नसतो. कुठेतरी बाइटचं मजकुरात किंवा मजकुराचं बाइटमध्ये रूपांतर झालेलं असतं आणि ते कोणत्या एन्कोडिंगने करायचं हे कोणी सांगितलेलंच नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे: फाइल, सॉकेट, डेटाबेस, ईमेल, एसएमएस, जिथे जिथे बाइट आत येतात किंवा बाहेर जातात, तिथे एन्कोडिंगचं नाव कोडमध्ये लिहा, आणि चुकीचा बाइट आला तर प्रोग्रामला तिथेच थांबू द्या. आतल्या कोडमध्ये फक्त मजकूर फिरला पाहिजे, बाइट नाहीत.

ट्रान्स हार्बरची स्टेशनं

ठाणे ते वाशी लाइनवरची स्टेशनं एका फाइलमध्ये यूटीएफ-८ मध्ये लिहा: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. आता विंडोजच्या मशीनवर, जिथे सिस्टिमचं कोडपेज (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याचा जुना तक्ता) १२५२ आहे, पायथॉनमध्ये एन्कोडिंग न सांगता या फाइलची एकेक ओळ वेगळी वाचून तपासा. नऊपैकी सात नावं कोणतीही एरर न देता वाचली जातात. वाचली जातात म्हणजे कचरा होऊन आत येतात, पण प्रोग्राम तक्रार करत नाही. एरर फक्त दोन ठिकाणी येते, ऐरोली आणि तुर्भे.

कारण अगदी नेमकं आहे. कोडपेज १२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच बाइटना कोणतंच अक्षर दिलेलं नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि त्यातला तिसरा बाइट या पाचांपैकी असेल तरच पायथॉनचा डिकोडर अडतो. रोजच्या मराठीत असे मानकरी सहा: चंद्रबिंदू आणि ऱ्हस्व उकार (१२९), पाय मोडायचं चिन्ह (१४१), ए (१४३), ऐ (१४४) आणि झ (१५७). ऐरोलीत ऐ आहे. तुर्भेत उकारही आहे आणि पाय मोडलेला र सुद्धा. घणसोली, कोपरखैरणे, वाशी यांत यातलं काहीच नाही.

म्हणून 'माझ्याकडे ठाणे टाकून बघितलं, एरर आली नाही' याला चाचणी म्हणता येत नाही. पूर्ण फाइल एकदम वाचली तर ऐरोलीपाशी एरर येते, ते उलट चांगलं: निदान कळतं तरी. धोका आहे तो एरर गिळणाऱ्या भाषांत. जावामध्ये बाइटपासून नवी स्ट्रिंग बनवताना न जुळणारा बाइट आला की त्या जागी बदली चिन्ह, कोडपॉइंट ६५५३३, गुपचूप बसवलं जातं. ऐरोलीतला ऐ तिथे कायमचा गेला, आणि लॉगमध्ये एक ओळही नाही.

पायथॉनमध्ये उपाय सोपा: ओपन करताना एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ प्रत्येक वेळी लिहा. एरर्सचा पर्याय 'इग्नोर' ठेवू नका. तो लावणं म्हणजे न वाचता आलेलं अक्षर फेकून देणं. जावामध्ये फाइल्स वर्गाची रीडस्ट्रिंग पद्धत चुकीच्या बाइटवर एक्सेप्शन टाकते, त्यामुळे फाइलसाठी तीच वापरावी. नेटवर्कवरून आलेल्या बाइटसाठी चारसेटचा, म्हणजे एन्कोडिंगचा, नवा डिकोडर घ्या, तो मुळातच कडक असतो. जावास्क्रिप्टमध्ये टेक्स्टडिकोडर बनवताना 'फेटल' हा पर्याय खरा ठेवा, नाहीतर तोही बदली चिन्ह टाकून पुढे जातो. गो भाषेत बाइटची स्ट्रिंग करताना काहीच तपासलं जात नाही. तिथे यूटीएफ-८ पॅकेजमधलं 'व्हॅलिड' आपण स्वतः बोलवायचं.

डिफॉल्टवर विसंबणं

'माझ्या लॅपटॉपवर चालतं' याचं मूळ बहुधा डिफॉल्ट एन्कोडिंगमध्ये असतं. जावाने ते १८ व्या आवृत्तीपासून, मार्च २०२२ मध्ये, सगळीकडे यूटीएफ-८ केलं. त्याआधीच्या आवृत्त्या ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतात. रिकाम्या कंटेनरमध्ये लँग हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलेलं नसेल तर उत्तर येतं आस्की, म्हणजे फक्त इंग्रजीपुरता संच, आणि मराठीचं प्रत्येक चिन्ह बाहेर पडताना प्रश्नचिन्ह होतं. म्हणजे तोच जार (जावा प्रोग्रामची फाइल) लॅपटॉपवर नीट आणि सर्व्हरवर प्रश्नचिन्हांची रांग. जुन्या जावासाठी इमेजमध्ये लँगची किंमत 'सी डॉट यूटीएफ-८' ठेवा आणि चालवताना फाइल डॉट एन्कोडिंगही द्या. पायथॉनने ३.७ पासून असा रिकामा लोकेल (भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग) दिसला की यूटीएफ-८ कडे वळायची सोय केली, पण विंडोजवरचं डिफॉल्ट बदलायचं ठरलं आहे ते ३.१५ मध्ये. तोवर हाताने लिहिणं आलंच. पुढेही लिहिलेलं बरं, कारण कोड वाचणाऱ्याला आवृत्ती आठवावी लागत नाही.

विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये मोठ्यापेक्षा-चं चिन्ह वापरून आउटपुट फाइलमध्ये वळवलं की फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते. ती लिनक्सवरच्या स्क्रिप्टने यूटीएफ-८ समजून उचलली की पहिल्याच बाइटला, २५५ ला, अडते. पॉवरशेल ७ मध्ये हे यूटीएफ-८ झालं आहे. टीममध्ये दोन्ही आवृत्त्या असतील तर एन्कोडिंग स्क्रिप्टमध्येच लिहा.

खुणा ओळखायच्या कशा

स्क्रीनवर काय दिसतंय त्यावरून चूक कुठे झाली ते बरंचसं सांगता येतं. मदत मागणाऱ्याकडून आधी स्क्रीनशॉट घ्या, आणि मग त्या ओळीचे खरे बाइट.

पहिली खूण: डोक्यावर तिरकी रेघ असलेला धाकटा इंग्रजी ए, त्यामागे चार कोपऱ्यांना काड्या असलेलं छोटं वर्तुळ किंवा येनचं चिन्ह, आणि ही जोडी दर तीन चिन्हांनी परत परत. हा यूटीएफ-८ मराठी मजकूर १२५२ म्हणून वाचला गेला आहे. २२४ चा तो ए, १६४ चं वर्तुळ, १६५ चा येन. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा आहेत. पहिल्या ६४ जागांचा दुसरा बाइट १६४, नंतरच्या ६४ चा १६५. स्वर, व्यंजनं, काना आणि ऱ्हस्व वेलांटी पहिल्या भागात, दीर्घ वेलांटीपासून पुढची चिन्हं दुसऱ्या भागात. हा प्रकार बहुधा दुरुस्त होतो.

दुसरी खूण: साधी प्रश्नचिन्हं, जितके कोडपॉइंट तितकी. मजकूर अशा एन्कोडिंगमध्ये ढकलला गेला ज्यात देवनागरी नाहीच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये व्हारकार कॉलम ठेवला, किंवा कॉलम एनव्हारकार असूनही स्ट्रिंगच्या आधी एन हे अक्षर लावायचं राहिलं, की हेच होतं. इथे मूळ माहिती उरलेली नसते. बॅकअप किंवा मूळ अर्ज शोधा.

तिसरी: काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. डिकोडरला बाइट समजले नाहीत. हे फक्त दाखवताना झालं असेल तर मूळ फाइल अजून शाबूत आहे, ती सेव्ह करू नका. सेव्ह केलीत की २३९ १९१ १८९ हे बदली चिन्हाचे बाइटच फाइलमध्ये बसतात. तशी फाइल पुढे १२५२ म्हणून वाचली तर आयवर दोन टिंबं, उलटं प्रश्नचिन्ह आणि एक-द्वितीयांश अशी तिघांची रांग दिसते. ती दिसली की समजायचं, माहिती आधी गेली आणि मग तिच्या जागेवरही दुसरी चूक चढली.

रिकामे चौकोन दिसले तर मात्र खरंच फॉन्टचं काम आहे. एन्कोडिंगला हात लावू नका.

एक्सेल आणि सीएसव्ही

ऑफिसातल्या लोकांना सीएसव्ही डबल क्लिक करूनच उघडायची असते. फाइलच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणारे २३९ १८७ १९१ हे तीन बाइट, नसतील, तर एक्सेल ती सिस्टिमच्या कोडपेजने उघडतं आणि वर सांगितलेली पहिली खूण दिसते. म्हणून माणसाने एक्सेलमध्ये उघडायच्या सीएसव्हीत बीओएम घाला. पायथॉनमध्ये त्यासाठी 'यूटीएफ-८-सिग' हे एन्कोडिंग आहे. फाइल आधीच हातात असेल तर एक्सेलमध्ये डेटा टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्हीवरून आणायचा मार्ग घ्या आणि फाइलचं मूळ ६५००१ निवडा.

उलट, प्रोग्रामने प्रोग्रामला द्यायच्या फाइलमध्ये बीओएम नको. वाचणाऱ्याने तो काढला नाही तर पहिल्या कॉलमच्या नावाला न दिसणारं चिन्ह, कोडपॉइंट ६५२७९, चिकटतं. मग 'नाव' हा कॉलम डोळ्यांसमोर असतो आणि कोड म्हणतो असा कॉलमच नाही. शेल स्क्रिप्टच्या आधी बीओएम आला तर कोणत्या इंटरप्रिटरने चालवायचं ती पहिली ओळ ओळखली जात नाही, आणि पीएचपीत हेडर पाठवण्याआधीच आउटपुट गेल्याची तक्रार येते. वाचताना 'यूटीएफ-८-सिग' वापरलं तर बीओएम असो वा नसो, दोन्ही चालतं. लिहिताना मात्र वाचणारा कोण हे बघून ठरवा. जेसनचा प्रश्नच नाही: २०१७ च्या आरएफसी ८२५९ या इंटरनेट मानकाप्रमाणे दोन सिस्टिममध्ये फिरणारं जेसन यूटीएफ-८ मध्येच असलं पाहिजे आणि पाठवताना बीओएम लावायचा नाही.

डेटाबेस

मायएसक्यूएलमधलं 'यूटीएफ८' हे नाव फसवं आहे. त्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरी नेमकी तीन बाइटची, त्यामुळे सगळ्या मराठी चाचण्या पास होतात आणि पहिला इमोजी आला की कडक मोडमध्ये १३६६ क्रमांकाची एरर, सैल मोडमध्ये तिथून पुढचा मजकूर कापलेला. फक्त इमोजीचा विषय असता तर कोणी 'आम्हाला काय करायचंय' म्हणालं असतं. पण मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० आवृत्तीत आली आणि तिच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. जुने दस्त, वतनाची कागदपत्रं मोडीत टंकायची असतील तर 'यूटीएफ८' कॉलममध्ये त्यातलं एक अक्षरही मावणार नाही. 'यूटीएफ८एमबी४' घ्या. ८.० पासून नव्या टेबलांसाठी तेच डिफॉल्ट आहे, पण जुन्या सर्व्हरवरून आलेली टेबलं आपला जुना चारसेट बरोबर घेऊनच येतात. कनेक्शनचा चारसेटही वेगळा लावावा लागतो.

मायएसक्यूएलचा एक जुना सापळा अजून भेटतो. टेबल लॅटिन१ (मायएसक्यूएलमधला १२५२ सारखा संच), कनेक्शनही लॅटिन१, आणि अॅप्लिकेशन मात्र यूटीएफ-८ बाइट पाठवतंय. जाताना आणि येताना दोन्हीकडे सारखीच चूक होते, म्हणून स्क्रीनवर मराठी बरोबर दिसतं. कोणीतरी नवं अॅप यूटीएफ८एमबी४ कनेक्शनने जोडतो आणि त्याला तो ए आणि वर्तुळ दिसतात. इथे टेबल सरळ यूटीएफ८एमबी४ मध्ये रूपांतरित करायचा आदेश देऊ नका, त्याने कचऱ्याचंच इमानदार रूपांतर होतं. आधी कॉलमचा प्रकार ब्लॉब करा, म्हणजे बाइट तसेच राहतात आणि लॅटिन१ चं लेबल जातं. मग ब्लॉबवरून यूटीएफ८एमबी४ टेक्स्ट करा. मायएसक्यूएलचा लॅटिन१ त्या पाच रिकाम्या बाइटनाही जागा देतो, त्यामुळे ऐरोली इथे सुखरूप परत येते.

ओरॅकलमध्ये व्हारकार२ ची लांबी काही न सांगितल्यास बाइटमध्ये मोजली जाते. 'सेक्टर १५, कोपरखैरणे' हा पत्ता वीस कोडपॉइंटचा आहे, पण यूटीएफ-८ मध्ये ५४ बाइटचा. म्हणजे पन्नासच्या कॉलममध्ये तो बसत नाही. कॉलम बनवताना लांबीपुढे 'कार' लिहा. तिथे बसावं म्हणून कोडमध्ये पन्नास बाइटला कापणारे लोक आहेत, आणि ते घातक आहे: शेवटची मात्रा जाते, ण चा तिसरा बाइट जातो, आणि उरलेले दोन बाइट पुढच्या सिस्टिमला खटकतात. कापायचंच असेल तर जिथे तोडणार आहात तिथला पुढचा बाइट १२८ ते १९१ मध्ये असेपर्यंत एकेक बाइट मागे सरका. या पत्त्यात त्यानंतर उरतं 'सेक्टर १५, कोपरखैर'. बाइट शुद्ध आहेत, पत्ता नाही. कॉलम वाढवणं हेच खरं उत्तर.

तुकड्यांनी वाचताना

बफरचा आकार सहसा दोनच्या घातात असतो: ४०९६, ८१९२, ६५५३६. दोनचा कोणताही घात तीनने भागला जात नाही. सलग देवनागरी असेल तर ४०९६ बाइटमध्ये १३६५ चिन्हं पूर्ण मावतात आणि पुढच्या चिन्हाचा एकच बाइट. प्रत्येक तुकडा स्वतंत्र डिकोड केला की सांध्यावर चिन्ह फुटतं. मधे स्पेस आणि पूर्णविराम येत असल्याने कधी नशिबाने जुळतं, म्हणून हा दोष लहान फाइलवर कधीच दिसत नाही आणि मोठ्या फाइलवर पानापानांनी एखादं अक्षर खातो. सगळ्या भाषांत यासाठी सोय आहे: पायथॉनमध्ये कोडेक्सचा इन्क्रिमेंटल डिकोडर, नोडमध्ये स्ट्रिंगडिकोडर, ब्राउझरमध्ये टेक्स्टडिकोडरला 'स्ट्रीम' हा पर्याय, जावामध्ये इनपुटस्ट्रीमरीडर. ते उरलेला अर्धा बाइटसमूह पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतात. शेवटी उरलंसुरलं बाहेर काढायला विसरू नका.

ईमेलच्या विषयाच्या ओळीतही हेच घडतं. तिथे एन्कोड केलेला एक तुकडा जास्तीत जास्त ७५ कॅरेक्टरचा असतो आणि एका चिन्हाचे बाइट दोन तुकड्यांत विभागायला मनाई आहे. हाताने बेस६४ करून कापणारा कोड नेमकं तेच करतो. मेल लायब्ररीला विषय मजकूर म्हणून द्या, बाकीचं तिला करू द्या.

दिसायला सारखं, कोडमध्ये वेगळं

हा भाग मराठीचा स्वतःचा आहे आणि इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही, म्हणून थोडं थांबून लिहितो.

'गोऱ्हे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र, म्हणजे रफार न होता आडव्या कोयरीसारखा दिसणारा, तीन प्रकारे टंकला जातो. एक: ऱ (२३५३) आणि पाय मोडायचं चिन्ह. दोन: साधा र (२३५२), त्याला नुक्ता, म्हणजे खालचा ठिपका (२३६४), मग पाय मोडायचं चिन्ह. तीन: साधा र, पाय मोडायचं चिन्ह आणि झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह (८२०५). पहिल्यात एकूण सहा कोडपॉइंट आणि १८ बाइट, बाकीच्या दोन्हींत सात कोडपॉइंट आणि २१ बाइट. स्क्रीनवर तिन्ही हुबेहूब. मोबाइलच्या एका कीबोर्डने नोंद केली आणि काउंटरवरच्या दुसऱ्या कीबोर्डने शोधलं, तर 'असा सभासद नाही'.

युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे समतुल्य लेखनं एकाच रूपात आणायची पद्धत, पहिल्या दोन प्रकारांना एक करतं, नुक्तावाला र ऱ मध्ये बदलतं. तिसऱ्याला ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या नियमांनुसार तो समतुल्य धरलेला नाही. 'ॲप'मधल्या ॲचंही तसंच. त्याचा स्वतंत्र कोडपॉइंट २४१८, युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या आणि अजूनही काही कीबोर्डवरून अ आणि त्यावर चंद्र अशी जोडी येते. एनएफसी या दोघांना एक करत नाही.

म्हणून शोधासाठी एक वेगळा कॉलम ठेवा. मूळ नाव लिहिणाऱ्याने दिलं तसंच जपा. शोध-कॉलममध्ये आधी एनएफसी, मग र, पाय मोडायचं चिन्ह आणि जॉइनर या त्रिकुटाच्या जागी ऱ आणि पाय मोडायचं चिन्ह, मग अ आणि चंद्राच्या जागी ॲ. शोधायला आलेल्या शब्दावरही हीच प्रक्रिया, याच क्रमाने. 'अदृश्य चिन्हं साफ करा' असा सरसकट नियम लावून जॉइनर उडवू नका: गोऱ्हेंचं गोर्हे होतं, आणि माणसाचं आडनाव चुकीचं छापणं ही लहान गोष्ट नाही.

एनएफसीबद्दल अजून एक: हिंदी नावांतला ड़ त्यात दोन कोडपॉइंटचा होतो, एकाचा नाही. ऱ एकच राहतो. दोन्ही नियम युनिकोडचेच आहेत, त्यामुळे नॉर्मलायझेशननंतर लांबी कमीच होईल असं गृहीत धरू नका.

नावं तपासणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्येही मराठी मार खाते. पायथॉनच्या मूळ री मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू (शब्दातलं अक्षर ओळखायची खूण) हे काना-मात्रांना अक्षर मानत नाही. 'ठाणे' दिलं की ठ आणि ण असे दोन तुकडे मिळतात. 'इजअल्फा' विचारलं तर उत्तर खोटं येतं. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये तर बॅकस्लॅश डब्ल्यू मुळातच इंग्रजीपुरतं आहे. युनिकोडचे गुणधर्म वापरून अक्षर आणि मार्क हे दोन्ही वर्ग मान्य करा, आणि जॉइनरलाही वाट द्या.

डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजायची असतील, उदाहरणार्थ अर्जातला उरलेल्या अक्षरांचा आकडा दाखवायला, तर ग्राफीम मोजा. 'महाराष्ट्र' दहा कोडपॉइंटचा. युनिकोड १५.१ पासून, म्हणजे २०२३ नंतर, जोडाक्षर एकत्र धरायचा नियम आला आणि म, हा, रा, ष्ट्र असे चार मिळतात. जुन्या लायब्ररीत तेच सहा येतात. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या आवृत्त्या वेगळ्या असतील तर आकडेही वेगळे, म्हणून मर्यादा लावायचं काम या आकड्यावर सोपवू नका, तो फक्त दाखवण्यापुरता. क्रमवारीसाठीही कोडपॉइंटचा क्रम चालत नाही: त्यात ळ हा ल च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीला मराठी लोकेल द्या.

एसएमएस

एका एसएमएसमध्ये १४० बाइट. साध्या इंग्रजीत १६० कॅरेक्टर, देवनागरीत ७०. लांब मेसेज जोडून पाठवला की प्रत्येक तुकड्यातले सहा बाइट जोडणीच्या माहितीला जातात आणि ६७ उरतात. 'आपली पाणीपट्टी' एवढ्यातच चौदा जातात. इंग्रजी मेसेजमध्ये एकच रुपयाचं चिन्ह आलं तरी सगळा मेसेज ७० च्या हिशेबात जातो, कारण ते चिन्ह साध्या संचात नाही. तिथे इंग्रजीत आरएस लिहा. मोजताना यूटीएफ-१६ चे घटक मोजा, बहुतेक इमोजी त्यात दोन धरले जातात.

जुना डेटा

श्रीलिपी, कृतिदेव किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फाइलना एन्कोडिंग ओळखणारं कोणतंही साधन उपयोगी पडत नाही. त्यांच्या लेखी तो मजकूर धडधडीत इंग्रजी अक्षरांचा आहे. फक्त फॉन्टने त्या अक्षरांच्या जागी मराठी आकार काढले आहेत. फॉन्टचं नाव हाच एकमेव पुरावा, म्हणून वर्ड फाइलमधून मजकूर काढताना फॉन्टचं नाव बरोबर काढा. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा लागतो. तक्त्यात लांब जोड्या आधी बदला, सुटी चिन्हं नंतर. मग क्रम लावायचा: या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. 'स्थिती'मधली पहिली वेलांटी अख्ख्या 'स्थ'च्या पलीकडे न्यायची, फक्त स च्या नाही. रफार उलटा: तो शेवटी टंकलेला असतो आणि 'कीर्ती'त तो त च्या आधी आणावा लागतो.

१२५२ मधून फुटलेलं मराठी परत जोडायचं असेल तर मजकूर १२५२ मध्ये एन्कोड करून यूटीएफ-८ म्हणून डिकोड करा. त्याआधी कोणी ट्रिम केलं आहे का ते बघा. ठ चा तिसरा बाइट १६०, १२५२ मध्ये तो न तुटणारी स्पेस होतो. 'पेठ' असं नाव फुटल्यावर पायथॉनच्या स्ट्रिपमधून गेलं की शेवटची स्पेस उडते आणि ठ परत येत नाही. चूक दोनदा चढली आहे का हे लांबीवरून कळतं: 'ठाणे'चे १२ बाइट एकदा फुटून सेव्ह झाले की २५ होतात. दुरुस्ती सगळ्या टेबलावर एकदम चालवू नका. जी ओळ कडक नियमाने मागे फिरते आणि फिरल्यावर जिच्यात देवनागरी निघते तीच बदला, जुनी किंमत शेजारच्या कॉलममध्ये ठेवा, आणि न फिरलेल्या ओळी वेगळ्या यादीत काढून माणसाकडून मूळ कागदाशी ताडून घ्या.